कालिंदीच्या वाटणीची खीर

आमचा बिंदू खोटं बोलत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. गेल्या वर्षी जे सगळं अडून बसलं होतं, त्याचं ते एक कारण होतं. खोटं बोलणारा माणूस निदान कधीतरी पकडला जातो.

बिंदू म्हणजे बिंदुमाधव गुरुजी. काशीत दूधविनायकाच्या गल्लीत आमच्या समोरच्या घरात राहतो. मी त्याच्याहून थोडी मोठी. लहानपणी त्याचं वाहतं नाक मी माझ्या परकरानं पुसलेलं आहे, त्यामुळे सगळा घाट त्याला गुरुजी म्हणतो आणि मी बिंदू म्हणते. सख्खा भाऊ मला नाही, म्हणून भाऊबीजेला तो माझ्याकडे ओवाळून घ्यायला येतो. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. तो पंचगंगा घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची गंगापूजनं, अभिषेक आणि श्राद्धं करतो. त्याच्या वडिलांनी हेच केलं, आजोबांनीही हेच केलं, आणि तिघांचीही अंगलट सारखीच गोल.

श्राद्धाच्या पानावर बसलेला ब्राह्मण स्वतःसाठी जेवत नसतो. पोट त्याचं, तृप्ती यजमानाच्या पितरांची. बिंदूचा यावर विश्वास आहे, नुसता तोंडदेखला नव्हे, अगदी मनापासून. कुणाचे आजोबा वर अर्धपोटी राहू नयेत म्हणून तो आग्रहाला कधी नाही म्हणाला नाही. पितृपक्षात त्याच्याकडे बघवत नसे. मी म्हणायची, "बिंदू, पितर वर गेले आणि तू आडवा गेलास." तो हसायचा. कालिंदीही हसायची.

कालिंदी त्याची बायको. किरकोळ अंगाची, कमी बोलणारी, पण बोलली की समोरच्यानं गप्प बसावं अशी. दोघांना मूल नाही. तिच्या घरात देवांचा थाट मोठा. लग्न होऊन आली तेव्हापासून रोज संध्याकाळी देवाला वाटीभर खीर. रव्याची, शेवयांची, तांदळाची, थंडीत गाजराची. नैवेद्य दाखवला की त्याच खिरीचे दोन वाटे व्हायचे, एक त्याचा आणि एक तिचा. नवराबायकोत प्रेमाचे शब्द मी त्या घरातून कधी ऐकले नाहीत. वाट्या मात्र रोज वाजायच्या.

दोन वर्षांपूर्वी कालिंदीच्या किडन्या गेल्या. आधी पायांना सूज, मग दम, मग एकदम दवाखाना. आठवड्यात तीनदा डायलिसिस सुरू झालं. दूध बंद, केळं बंद, नारळ बंद, पाणीसुद्धा मोजून. गंगेच्या काठावर राहणाऱ्या बाईनं पाणी मोजून प्यायचं. तिचा भाऊ ग्वाल्हेरला असतो, पण त्याला साखर. बिंदूच्या मात्र सगळ्या तपासण्या जुळल्या. त्याची किडनी तिला चालणार होती.

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवले आणि बिंदूकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "गुरुजी, इतना वजन लेके नहीं." सत्त्याण्णव किलोचा माणूस एका किडनीवर सोडायचा त्यांना धीर होत नव्हता. पंच्याऐंशीवर या, मग बोलू. आणि जरा लवकर या, कारण वहिनींचं हृदय थकत चाललंय, हिवाळा उलटून चालणार नाही.

बाहेर आल्यावर बिंदू मला म्हणाला, "ताई, हे तर माझ्याच हातात आहे." इतकं आनंदलेलं मी त्याला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

दवाखान्यात आहार सांगणारी हिमानी नावाची एक मुलगी होती, लखनौकडची, गोड बोलणारी आणि चिवट. तिनं सांगितलं ते बिंदूनं वेदवाक्य मानलं. सकाळची कचौडी-जिलबी बंद. यजमानांकडची पंगत बंद. श्राद्धाला बसायला दुसरा ब्राह्मण पाठवायचा. घरी दोन पोळ्या, दुधी, ताक. श्रावणात सुरुवात केली आणि नवरात्र येईतो तो नव्वदीवर आला. धोतराचा सोगा लांब पडू लागला. गल्लीतले लोक त्याला "गुरुजी, तबियत तो ठीक है?" विचारू लागले. तो हो म्हणायचा आणि हळूच पोटावरून हात फिरवायचा.

आणि नव्वदीवर काटा बसला तो बसलाच.

पहिल्या पंधरवड्यात कुणी मनावर घेतलं नाही. हिमानी म्हणाली, असं होतं. वजन उतरलं की शरीराची गरजही उतरते. जेवढ्यावर आधी ते घटलं, तेवढ्यावर आता नुसतं टिकतं. थोडं आणखी कमी करा. बिंदूनं रात्रीची पोळी सोडली. काटा हलला नाही. त्यानं उपास वाढवले. एकादशी आणि चतुर्थी होत्याच, त्यात सोमवार घातला, प्रदोष घातला. काटा हलला, पण वर.

"गुरुजी, व्रत में क्या लेते हैं?" हिमानीनं विचारलं.

"कुछ नहीं. साबूदाना."

ती माझ्याकडे बघायला लागली, कारण सोबत म्हणून मीच जायची. मी तिला सांगितलं, आमच्याकडे साबुदाण्याची खिचडी म्हणजे साबुदाणा, त्यात तेवढंच दाण्याचं कूट, बटाटा आणि वरून तूप. बिंदूला राग आला. "ताई, ते उपासाचं आहे. ते जेवण थोडंच आहे?" हिमानीनं सोमवार आणि प्रदोष काढून टाकले. देवाचे वार दवाखान्यातल्या पोरीनं रद्द केले म्हणून तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

कार्तिक लागला. कार्तिकात पंचगंगेवर पहाटेपासून उभं राहायला जागा नसते. बांबूंवर आकाशदिवे चढतात, खाली स्नानाची गर्दी, आणि महाराष्ट्रातून बसच्या बस. मीही स्नानाला जाते. त्या वर्षी मी स्नान उरकून पायरीवरच बसून राहिले आणि बिंदूकडे बघत राहिले.

सोलापूरकडचं एक जोडपं पूजेला बसलं होतं. गंगापूजन झालं, आणि काशीत काहीतरी सोडायचं असतं ते सोडायची वेळ आली. आवडीचं एखादं फळ, एखादी भाजी, जन्मभरासाठी. गृहस्थ लगेच म्हणाले, "कारलं सोडतो."

"आवडतं का?" बिंदूनं विचारलं.

"छे, मुळीच नाही."

"मग गंगामाईला काय, तुमची नावड द्यायला आलात? आवडीचं सोडा, यजमान. आणि सोडलं की सोडलं. पुढे कुणी प्रेमानं ताटात वाढलं तरी हात लावायचा नाही."

गृहस्थांनी बायकोकडे पाहिलं आणि जड मनानं फणस सोडला. बिंदू या बाबतीत कडक आहे. त्यानं हजारो लोकांकडून आंबे, सीताफळं आणि वांगी सोडवली असतील. स्वतः त्यानं कधी काही सोडलं नाही. काशीत येणाऱ्यानं सोडायचं, काशीत राहणाऱ्यानं काय सोडायचं, असं त्याचं म्हणणं.

पूजा संपली आणि यजमानीणबाईंनी त्याच्या ओंजळीत पंचामृत घातलं. मग पेढा. मग सुंठवडा. पुढची पूजा, पुढचं पंचामृत, बर्फी, केळं. बिंदू प्रत्येक वेळी डोळ्यांना लावायचा, तोंडात टाकायचा आणि हात डोक्यावर फिरवायचा. ऊन चढेपर्यंत त्यानं माझ्या डोळ्यांदेखत दोन माणसांची न्याहारी केली होती. परतताना गल्लीच्या तोंडाशी मलइयोवाला बसला होता. मातीच्या कसोऱ्यात तो गोड दुधाचा पिवळा फेस घेऊन बिंदू मला म्हणाला, "घे ताई. हा नुसता फेस. दव पडतं त्याचा होतो. याला काही वजन असतं का?"

मी तिथेच त्याला झापलं. "बिंदू, तू हिमानीला सांगितलंस की सकाळी काही खात नाहीस."

"नाहीच खात."

"मग हे काय होतं?"

"प्रसाद." त्याला माझा प्रश्नच कळत नव्हता. "ताई, प्रसाद घेतात. खात नाहीत. निर्जळी एकादशीला तीर्थ घेतलं तर उपास मोडतो का?"

हा युक्तिवाद मी लहानपणापासून ऐकत आलेय, आणि तो मी स्वतःही केलेला आहे. पण काट्याला शास्त्र कळत नाही. हिमानीला सांगितल्यावर ती पोरगी हसली नाही, याबद्दल मी तिची आभारी आहे. तिनं फक्त एवढंच विचारलं की प्रसाद किती घेतला म्हणजे घेतल्यासारखा होतो. बिंदूनं प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाला, कणभर. मग कणभर घ्या, ती म्हणाली. तेव्हापासून बिंदू कण तोंडात टाकायचा आणि उरलेला प्रसाद उपरण्याच्या टोकात बांधून घाटावरच्या म्हाताऱ्यांना वाटायचा. मलइयोवाल्यासमोरून जाताना तो दुसरीकडे बघायचा.

मला वाटलं, सुटलं कोडं. काटा दीडेक किलोनं उतरला आणि पुन्हा बसला.

मार्गशीर्ष गेला. कालिंदीला डायलिसिसहून आणताना आता दोघांनी धरावं लागे. एकदा गल्लीत ती मध्येच कट्ट्यावर बसली आणि मला म्हणाली, "वन्सं, यांना परेशान करू नका आता. होत नाही तर नाही. माणूस किती दिवस भुका राहणार?" डॉक्टरांनी तर स्पष्टच सांगितलं की माघ संपेपर्यंत पाहू, मग किडनीच्या यादीत नाव घालून थांबायचं. थांबायचं म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. बिंदू दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसला आणि म्हणाला, "मी खोटं बोलत नाहीये, ताई. मी खरंच खात नाहीये." त्याचे गाल बसले होते. माझा त्याच्यावर विश्वास होता, आणि मला त्याचा संतापही आला होता. दोन्ही खरं.

पौषातल्या एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे पातेलं परत द्यायला गेले. एरवी मी दिवसाच जाते. दिवेलागणीची वेळ त्यांच्या देवांची. दार नुसतं लोटलेलं होतं. कालिंदी सकाळी डायलिसिस करून आली होती आणि आतल्या खोलीत पडली होती, मधलं दार उघडंच होतं. बिंदू देवघरासमोर पाटावर बसला होता. समोर दोन वाट्या. एकीत तळाला जेमतेम लागलेली खीर. त्यानं बोटानं तिचा कण उचलला, जिभेवर ठेवला, आणि ती वाटी बाजूला सारली. हिमानीनं सांगितलं होतं तस्संच.

मग त्यानं दुसरी वाटी उचलली. ती काठोकाठ भरलेली होती, वर तुपात तळलेले काजू. ती त्यानं डोळे मिटून, चमच्या-चमच्यानं, सगळी खाल्ली. घाई नाही, चव घेतोय असंही नाही. श्राद्धाच्या पानावर बसतो तसा बसला होता.

माझ्या हातातलं पातेलं मी जमिनीवर आपटलं. "बिंदू, हे काय चाललंय?"

तो दचकला, पण ओशाळला नाही. "हा कालिंदीचा वाटा आहे, ताई."

"खातंय कोण?"

"मी. पण तिच्या नावानं." मग मला समजावण्यासाठी तो हळू आवाजात बोलू लागला. "देवापुढचा तिचा वाटा तीस वर्षांत कधी चुकला नाही. आता तिला दूध चालत नाही, काजू चालत नाहीत. टाकून देऊ? गाईला घालू? तिचा आहे तो. मी जगाच्या पितरांसाठी जेवतो, ते त्यांना पोचतं. मग हिच्यासाठी खाल्लं तर हिला पोचणार नाही?"

"आणि हे हिमानीला सांगितलं नाहीस."

"तिनं मला विचारलं, आप क्या खाते हैं. हे माझं खाणं नाही."

मी मनात हिशोब मांडला. रोज एक वाटी आटीव दुधाची खीर, साखर, तूप, काजू. आणि तो डायलिसिसच्या दिवशीही स्वतः उभा राहून करत होता, कारण तिचा नेम मोडू नये. ती आजारी पडल्यापासून एकही दिवस चुकला नव्हता. आधी पंगती आणि कचौड्या सुटल्या तेव्हा त्या भरात हे खपून गेलं. आता बाकी सगळं आटल्यावर एवढी एकच वाटी त्याला धरून बसली होती. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

आतून आवाज आला, "अहो."

कालिंदी उठून दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिची समजूत, तिचा वाटा शेजारच्या गाईला जातो. तिनं विचारलं नव्हतं आणि त्यानं सांगितलं नव्हतं.

ती सावकाश आली आणि त्याच्यासमोर पाटावर बसली. रिकामी वाटी तिनं बाजूला सारली. मग म्हणाली, "गेलेल्यांसाठी जेवता, तसं माझ्यासाठी जेवू नका. मी अजून आहे."

बिंदूचा चेहरा मला बघवला नाही. इतकी वर्षं तो तोंडानं जे मंत्र म्हणतोय, त्यांचा अर्थ कुणीतरी पहिल्यांदा त्याला सांगावा, तसा तो झाला. त्यानं खिरीचा हात तसाच मांडीवर ठेवला. तो रडत होता, आणि मीही.

कालिंदीच फक्त रडत नव्हती. तिनं देवघरातली गंगाजळाची लोटी पुढे ओढली आणि पळी त्याच्या हातात दिली. "लोकांकडून एवढं सोडवता. तुम्ही काय सोडलंत?"

"आपण काशीचेच—"

"आज सोडा."

त्यानं उजव्या तळहातावर पाणी घेतलं. संकल्प त्याला तोंडपाठ. देश, काल, गोत्र, स्वतःचं नाव, सगळं सरळ म्हणत गेला. वस्तूच्या नावापाशी आला आणि थांबला. कालिंदी त्याच्याकडे बघत होती. मग तो मराठीतच म्हणाला, "कालिंदीच्या वाटणीचं जे असेल ते. जन्मभर." आणि पाणी ताम्हनात सोडलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या देवांना खडीसाखरेचा नैवेद्य सुरू झाला. कालिंदी देवांना म्हणाली म्हणे, थोडे दिवस भागवून घ्या, लेकिन रागवू नका. चमत्कार वगैरे काही झाला नाही. काटा कुरकुरत, एखादा दिवस रुसत, पण उतरत गेला. बिंदू घाट आता दोनदा चढायचा, धापा टाकत, आणि हिमानी बारीकसारीक तोंडात टाकलेलंही विचारायची. कण किती घेतले तेही विचारायची. माघ सरता सरता तो पंच्याऐंशीवर आला, आणि दोघांना एकाच दिवशी दवाखान्यात ठेवलं. त्या दिवसाबद्दल मी लिहिणार नाही. बाहेरच्या बाकड्यावर बसून मी इतके पाढे म्हटले की शेजारच्या बाईला तो जप वाटला.

अक्षय्य तृतीयेला कालिंदीनं मला जेवायला बोलावलं. तोंडावर मास्क लावून ती स्वतः चुलीपाशी उभी होती. डॉक्टरांनी थोडी खीर चालेल असं सांगितलं होतं. पायाची सूज गेली होती. मधल्या घरात माठातलं पाणी तिनं माझ्यादेखत पेलाभर प्यायलं, न मोजता, आणि तोंड पुसलं. मला ते खिरीपेक्षा मोठं वाटलं.

नैवेद्य झाला. एका वाटीत बिंदूचा कण, दुसऱ्या वाटीत तिचा वाटा, पूर्वीच्या अर्धाच. ती पाटावर बसून खाऊ लागली. किती दिवसांनी खात होती. दोनचार चमच्यांनंतर हात थांबला. पोट भरलं असावं. इतक्या वर्षांच्या सवयीनं, विचार न करता, तिनं ती वाटी बिंदूकडे सरकवली.

बिंदूनं वाटीकडे पाहिलं. त्याला खीर आवडते, हे मी सांगायला नको. त्यानं दोन बोटांनी वाटी परत तिच्याकडे लोटली.

"सोडलंय," तो म्हणाला.

कालिंदीनं चमचा उचलला आणि उरलेली खीर स्वतः संपवली.